बिडीचं नाव बदललं, कर मात्र घटला: तंबाखूवरच्या कराचं गणित नेमकं काय आहे?

पुण्याच्या साबळे वाघिरे आणि कंपनीच्या बिडीच्या बंडलावर कित्येक वर्षं छत्रपती संभाजी महाराजांचं नाव होतं. २०२० मध्ये शिवप्रेमी संघटनांनी त्याविरुद्ध आंदोलन केलं, सोशल मीडियावर मागणीनं जोर धरला आणि कंपनीनं नाव बदलायचं कबूल केलं. २०२१ मध्ये ही बिडी 'साबळे बिडी' झाली. मागणी रास्तच होती, आणि ती मान्य झाली.

३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी परिषदेची ५६ वी बैठक झाली. त्यात बिडीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणायचं ठरलं. बिडी ज्या पानात वळतात त्या तेंदूपत्त्यावरचा कर १८ वरून थेट ५ टक्के झाला. यावर कुठे हॅशटॅग चालला नाही, कुणी उपोषणाला बसलं नाही.

आता या दोन गोष्टींपैकी बिडी ओढणाऱ्याच्या फुप्फुसावर कशाचा परिणाम होतो? नावाचा तर नाही.

कर वाढला की लोक खरंच सोडतात का?

"ज्याला ओढायचीय तो ओढणारच, कितीही महाग करा," हे वाक्य तुम्ही कुठल्याही टपरीवर ऐकलं असेल. व्यसन असलेल्या एखाद्या माणसाबद्दल ते खरं असू शकतं. पण सरकार लाखो माणसांचा हिशेब करतं, आणि तिथे ते खरं ठरत नाही.

जगभरच्या अभ्यासांचा ढोबळ निष्कर्ष असा: तंबाखू १० टक्क्यांनी महागली की श्रीमंत देशांत खप साधारण ४ टक्क्यांनी आणि गरीब, मध्यम उत्पन्नाच्या देशांत ५ टक्क्यांच्या आसपास घटतो. अर्थतज्ज्ञ रिजो जॉन यांनी २००८ मध्ये भारताची आकडेवारी मांडली, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. सिगारेट ओढणारा भाववाढीला फारसा दाद देत नाही. पण बिडी १० टक्क्यांनी महागली तर खप जवळपास ९ टक्क्यांनी खाली येतो. पानाच्या सुट्या तंबाखूचंही तसंच.

कारण समजायला अर्थशास्त्र लागत नाही. हिंजवडीतल्या आयटी कंपनीबाहेर चहासोबत सिगारेट ओढणाऱ्याला कांडीमागे दोन रुपये वाढले तर तो जरा कुरकुरतो आणि पैसे देतो. मार्केट यार्डात हमाली करणाऱ्याला बंडलामागे पाच रुपये वाढले तर ते रोजच्या खर्चात जाणवतात. तो दोन बंडलांऐवजी एक घेतो. आणि ज्याने अजून सुरुवातच केलेली नाही, अशा पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या खिशात तर मोजकेच पैसे असतात. कराचा सगळ्यात मोठा उपयोग त्याच्या बाबतीत होतो.

म्हणून 'गरिबावर कर लावू नका' हा युक्तिवाद तंबाखूच्या बाबतीत उलटा पडतो. कर लावला की तंबाखू सर्वात जास्त गरीब माणूसच सोडतो. आणि हृदयविकार, पक्षाघात, तोंडाचा कर्करोग, सीओपीडी यांचा खर्चही सर्वात जास्त त्यालाच परवडत नाही. हे आजार असे आहेत की एकदा मागे लागले की वर्षानुवर्षं गोळ्या, तपासण्या, बुडालेली मजुरी. एका आजारात घर कर्जात जातं, हे आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिलंय.

भारतात तंबाखूमुळे दरवर्षी अंदाजे साडेतेरा लाख माणसं मरतात. २०१७-१८ या एका वर्षात तंबाखूमुळे झालेल्या आजारांचा आणि मृत्यूंचा आर्थिक बोजा १ लाख ७७ हजार ३४१ कोटी रुपये होता. तंबाखूवरच्या उत्पादन शुल्कातून सरकारला १०० रुपये मिळाले, तेव्हा समाजाचे ८१६ रुपये गेले, असं याच अभ्यासाचं गणित आहे. त्यामुळे 'तंबाखूच्या करावर देश चालतो' हा फॉरवर्ड आला तर पुढे ढकलण्याआधी हा आकडा आठवा.

मग '१८ रुपयांची सिगारेट ७२ रुपयांना' हे खरं आहे का?

डिसेंबर २०२५ मध्ये हा मेसेज खूप फिरला. खरं काय झालं ते बघू.

२०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा सिगारेटवर २८ टक्के जीएसटी आणि त्यावर भरपाई उपकर होता. राज्यांचं नुकसान भरून काढण्यासाठी लावलेला हा उपकर कायमचा नव्हता. तो संपणार म्हटल्यावर सिगारेट स्वस्त होऊ नये म्हणून संसदेनं डिसेंबर २०२५ मध्ये केंद्रीय उत्पादन शुल्काचा कायदा दुरुस्त केला. १ फेब्रुवारी २०२६ पासून सिगारेटवर ४० टक्के जीएसटी आणि शिवाय हजार कांड्यांमागे २,०५० ते ८,५०० रुपये उत्पादन शुल्क आहे. म्हणजे एका कांडीवर दोन रुपये पाच पैशांपासून साडेआठ रुपयांपर्यंत. वर जुना उपकर गेला, तो यातून वजा करा. १८ चे ७२ कुठूनच होत नाहीत.

हे शुल्क कांडीच्या लांबीवर ठरतं. कांडी जितकी लांब, तितका कर जास्त. म्हणूनच बाजारात ६४ मिलिमीटरच्या सिगारेटी आल्या: ६५ ची रेषा ओलांडली की कर वाढतो, तर एक मिलिमीटर अलीकडेच थांबा. कराची रचना जितकी गुंतागुंतीची, तितक्या पळवाटा जास्त. जागतिक आरोग्य संघटना त्यामुळेच सर्वांना एकच, सरसकट कर लावा असं सांगत आली आहे. किरकोळ किमतीत किमान ७५ टक्के वाटा कराचा असावा, ही तिची शिफारस. या फेब्रुवारीआधी आपल्याकडे सिगारेटमध्ये तो निम्म्याच्या थोडा वर होता आणि बिडीत साधारण २२ टक्के.

बिडीलाच सवलत का?

बिडीवर आधीही भरपाई उपकर नव्हता. जीएसटीच्या आधीच्या काळात तर वर्षाला २० लाखांपेक्षा कमी बिड्या बनवणाऱ्या छोट्या उत्पादकांना उत्पादन शुल्कच माफ होतं. त्यामुळे धंदा कागदोपत्री छोट्या छोट्या युनिटांत विभागला जाणं फायद्याचं ठरत होतं.

बिडी 'सौम्य' असते, हा सवलतीमागचा एक जुना गैरसमज. बिडीत सिगारेटच्या चौथाई एवढीच तंबाखू असते हे खरं. पण तेंदूचं पान कागदासारखं सच्छिद्र नसतं, बिडी सारखी विझते, म्हणून ती जोरानं आणि वारंवार ओढावी लागते. निकोटिन आणि टार शरीरात सिगारेटइतकंच, कधी त्याहून जास्त जातं. देशात सिगारेटपेक्षा बिडी ओढणारे जास्त आहेत: २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात, म्हणजे 'गॅट्स'मध्ये, बिडी ओढणारे ७.७ टक्के आणि सिगारेट ओढणारे ४ टक्के होते.

खरं कारण मात्र वेगळं आहे आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. देशात सुमारे ५० लाख नोंदणीकृत बिडी कामगार आहेत, बहुसंख्य बायका, घरी बसून हजाराच्या हिशेबानं बिड्या वळणाऱ्या. सोलापूर, सिन्नर, संगमनेर, सीमाभागातलं निपाणी. निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांची अवस्था अनिल अवचटांनी लिहून महाराष्ट्रापुढे आणली. तेच अवचट आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. एकाच माणसाला तंबाखूच्या दोन्ही टोकांना जावंसं वाटलं, यात मला तरी विसंगती दिसत नाही. याच निपाणीत १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर बसले होते आणि आंदोलनावर गोळीबार झाला होता. तंबाखूवर ज्यांचं पोट आहे, त्यांना 'आरोग्यासाठी एवढं सोसा' असं पुण्यात बसून सांगणं सोपं आहे.

पण म्हणून कर कमी केला की त्या बाईच्या हातात काय पडतं? तिची मजुरी हजार बिड्यांवर ठरते, जीएसटीच्या दरावर नाही. १० टक्क्यांच्या सवलतीतला एकही रुपया आपोआप तिच्याकडे जात नाही.

याउलट एक सोय होती, जी जात होती. १९७६ च्या कायद्यानं बिडीवर कामगार कल्याण उपकर होता. शेवटी तो हजार बिड्यांमागे पाच रुपये होता. या निधीतून बिडी कामगारांचे दवाखाने चालत, मुलांना शिष्यवृत्ती मिळे, घरासाठी अनुदान मिळे. सोलापूरजवळ कुंभारीला नरसय्या आडम यांच्या पुढाकारानं महिला बिडी कामगारांसाठी १० हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ मध्ये उभी राहिली, ती सरकारी अनुदान आणि कामगारांची स्वतःची बचत यांतून. जीएसटी आला तेव्हा तो कल्याण उपकर रद्द झाला. म्हणजे कामगारांच्या नावावर राखलेला पैसा गेला आणि आठ वर्षांनी कामगारांच्याच नावानं मालाला सवलत मिळाली.

जरा हिशेब करून बघा. समजा बिडीच्या बंडलाची करापूर्वीची किंमत २० रुपये आहे. २८ टक्क्यांनी ते २५ रुपये ६० पैशांना पडतं, १८ टक्क्यांनी २३ रुपये ६० पैशांना. उत्पादकानं फायदा स्वतःकडे ठेवला नाही, तर बंडल सुमारे ८ टक्क्यांनी स्वस्त. बिडीचं गिऱ्हाईक भावाला किती दाद देतं ते वर पाहिलंच. खप ७ टक्क्यांच्या आसपास वाढू शकतो. आणि फायदा स्वतःकडे ठेवला, तर मग सवलत कोणासाठी दिली?

फिलिपिन्सनं हा गुंता वेगळ्या तऱ्हेनं सोडवला. २०१२ मध्ये तिथे तंबाखू आणि दारूवरचा कर एकदम वाढवला. वाढलेल्या पैशातला मोठा भाग गरिबांच्या आरोग्य विम्याला, आणि काही भाग तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या प्रांतांना द्यायचं कायद्यातच लिहिलं. तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचं प्रमाण २००९ मध्ये २९.७ टक्के होतं, ते २०१५ मध्ये २३.८ टक्क्यांवर आलं.

पण महाराष्ट्र ओढतो कमी, चघळतो जास्त

इथेच आपल्या राज्याची गंमत आहे. त्याच २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ होते फक्त ३.८ टक्के. धूरविरहित तंबाखू, म्हणजे मळून, चघळून, घासून वापरणारे होते २४.४ टक्के. सगळी चर्चा सिगारेटच्या भावावर चालते, आणि खरा बाजार टपरीवर लटकणाऱ्या पुड्यांच्या माळेत आहे. भारतात पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग सर्वात जास्त आढळतो, तो यामुळेच. २०२२ मध्ये स्त्री-पुरुष मिळून ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण असल्याचा अंदाज होता.

पुणे जिल्ह्यानं तर ही गोष्ट जगाला फार आधी दाखवून दिली. डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या गावांत घरोघरी फिरून १ लाख १ हजार ७६१ माणसांची तोंडं तपासली. हा अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. तोंडाच्या कर्करोगाचा आणि कर्करोगाआधीच्या चट्ट्यांचा तंबाखूशी संबंध लाखभर माणसांत मोजला गेला. त्यात मिश्री लावणाऱ्या बायकांचं मोठं प्रमाणही नोंदलं गेलं.

मिश्रीवर कर कसा लावायचा, हा प्रश्न मात्र आजही तसाच आहे. तंबाखूचं पान बाजारातून सुटं आणायचं, तव्यावर भाजायचं, कुटायचं, डबीत भरायचं. 'दात घासते हो, व्यसन नाही,' असं आजी म्हणणार. इथे पाकीट नाही, छापील किंमत नाही, इशाऱ्याचं चित्र नाही. कर हे हत्यार चांगलं आहे, पण पाकिटाबाहेरच्या तंबाखूला ते क्वचितच लागतं.

गुटख्यावर बंदी आहे ना?

आहे. आणि तिची कहाणीही पुण्याभोवती फिरते. शिरूर घोडनदीच्या धारिवालांचा 'माणिकचंद' गुटखा एकेकाळी इतका मोठा होता की २००० नंतरच्या काही वर्षांत फिल्मफेअर पुरस्कारांच्या नावाआधी 'माणिकचंद' लागायचं.

राज्यानं २००२ मध्ये गुटख्यावर पाच वर्षांची बंदी घातली. जयसिंगपूरच्या घोडावत उद्योगासह उत्पादक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००४ मध्ये ती बंदी रद्द झाली: असा अधिकार राज्याच्या त्या यंत्रणेला नाही, असं न्यायालय म्हणालं. मग २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आला, आणि खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन असता कामा नये असा २०११ चा नियम आला. त्याच्या आधारावर जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्रानं पुन्हा बंदी घातली. पुढच्या वर्षी सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीही त्यात आली. या कलमाखाली आदेश एका वेळी एका वर्षापुरताच काढता येतो, म्हणून एफडीए तो दरवर्षी नव्यानं काढतं.

बंदीचा उपयोग झाला नाही असं म्हणता येणार नाही. २००९-१० मध्ये राज्यात ३१.४ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, २०१६-१७ मध्ये २६.६ टक्के. यातलं श्रेय बंदीचं किती आणि करांचं, इशाऱ्यांचं किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. पण पळवाटही तुम्हाला माहीत आहे. पानमसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी, गिऱ्हाईकानं हातावर एकत्र करायची. आणि जो गुटखा शेजारच्या राज्यांतून ट्रकमध्ये लपवून येतो, त्यावर ना कर असतो ना छापील इशारा. साध्या चघळायच्या तंबाखूवर तर बंदी नाहीच.

त्यामुळे पुडीवरचा कर हाच तिथे खरा उपाय उरतो, आणि तो बुडवणंही सोपं. छोटी यंत्रं, भाड्याचं गोदाम, मिनिटाला शेकडो पाऊच. कर वाढला की पुडीची किंमत पाच रुपयेच ठेवून आतली तंबाखू कमी करायची, हाही जुना उपाय. फेब्रुवारी २०२६ पासूनच्या नव्या व्यवस्थेत म्हणूनच दोन बदल आहेत. चघळायच्या तंबाखूवरचा जीएसटी पुडीवरच्या छापील किमतीवर मोजायचा. आणि उत्पादन शुल्क, किती माल विकला असं कारखानदार सांगतो त्यावर नव्हे, तर पाऊच भरणाऱ्या यंत्रांच्या क्षमतेवर घ्यायचं. पानमसाल्यावरही असाच यंत्रांवर आधारलेला वेगळा उपकर आहे. कागदावर तरी सिगारेटच्या भावापेक्षा हा बदल महाराष्ट्रासाठी जास्त महत्त्वाचा. बातम्यांत मात्र सिगारेटच होती.

सुटी सिगारेट आणि दोनशे रुपये

महाराष्ट्रानं सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगारेट आणि बिडी विकायला बंदी केली. आज पुण्यात कुठल्याही कॉलेजजवळच्या टपरीवर 'एक दे' म्हणून बघा, बंदीचं काय झालंय ते कळेल. शाळा-कॉलेजच्या आवारापासून १०० यार्डांत, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत, तंबाखू विकायलाच २००३ च्या कोटपा कायद्यानं मनाई आहे. दंड जास्तीत जास्त २०० रुपये. दोनशे रुपये तर टपरीवाला एका सकाळीत कमावतो.

टपरीवाल्याला व्हिलन करण्यात अर्थ नाही, त्याचं घर त्या गल्ल्यावर चालतं. पण सुट्या विक्रीमुळे कराची धार जाते हे खरं. पूर्ण पाकीट घ्यायचं तर मुलाला शे-दीडशे रुपये एकदम काढावे लागतात. सुटी घेतली की वाढलेला कर कांडीमागे दोन-तीन रुपयांत विरून जातो.

आणि पाकिटाच्या ८५ टक्के भागावरचा चित्रमय इशारा टपरीच्या फळीवर राहतो. त्या इशाऱ्यातच २०१८ पासून तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक छापलेला असतो. सुटी घेणाऱ्याला तो कधी दिसत नाही, म्हणून इथे देतोय: १८००-११-२३५६. फोन मोफत आहे.